डेंग्यूची अर्धवट ओळख

लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टाकी, बॅरल, रांजण भरून ठेवण्याची सवय मराठवाड्याला हौसेने लागलेली नाही. पण त्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो, आणि पावसाळा सरता सरता घरोघरी 'पेशी (प्लेटलेट) किती आल्या?' हा प्रश्न सुरू होतो.

'डेंग्यू एकदा होऊन गेला, आता भीती नाही' हे मी फार ठिकाणी ऐकते, आणि दर वेळी काळजी वाटते. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत. ज्या प्रकाराचा डेंग्यू झाला, त्याच्यापासून शरीर बहुधा जन्मभर वाचतं. बाकी तिघांपासून मिळणारं संरक्षण मात्र काही महिन्यांत ओसरतं.

पुढे दुसऱ्या प्रकाराचा विषाणू शिरला की जुनी प्रतिपिंडं, म्हणजे आधीच्या लागणीनंतर शरीराने बनवलेली रोगाशी लढणारी प्रथिनं, त्याला चिकटतात, पण चेहरा थोडा वेगळा असल्याने त्याला निकामी करू शकत नाहीत. प्रतिपिंडाचं शेपूट पकडून पांढरी पेशी तो सगळा गठ्ठा आत ओढते. एरवी ती तो पचवून टाकते. पण डेंग्यूचा विषाणू नेमका याच पेशींत वाढतो. पहारेकऱ्यानेच त्याला घरात आणून सोडलं! प्रतिपिंडं भरपूर असली तर विषाणू अडतो, अगदी नगण्य असली तर फरक पडत नाही. धोका मधल्या पातळीला.

क्युबात 1977 मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली, 1981 मध्ये दुसऱ्या प्रकाराची. दुसऱ्या साथीत गंभीर रुग्ण मुख्यतः पहिल्या साथीत लागण झालेलेच होते. त्याहून चटका लावते ती तान्ह्या बाळांची गोष्ट. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं जन्मापासून उतरत जातात आणि सहाव्या महिन्याच्या आसपास या मधल्या पातळीला येतात, तेव्हा काही बाळांना पहिलाच डेंग्यू जड जातो. अर्थात दुसऱ्यांदा डेंग्यू झालेले बहुतेक जण बरे होतात.

आधी चिकुनगुनिया होऊन गेला असेल, तर मात्र असा धोका नाही. 2006 च्या साथीत सांधे धरलेली माणसं आजही ते दिवस विसरलेली नाहीत. डास तोच, पण विषाणूचं कूळच निराळं, म्हणून त्या प्रतिपिंडांचा डेंग्यूशी संबंध येत नाही. जपानी मेंदूज्वर आणि झिका मात्र डेंग्यूचे भाऊबंद आहेत. म्हणून रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी कधी कधी एकाच्या जागी दुसरा दाखवते. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस1 चाचणी त्यामानाने भरवशाची, कारण ती विषाणूचंच प्रथिन शोधते.

डॉक्टरांना आधीच्या डेंग्यूचं साल सांगा. आणि ताप उतरल्यावर पोट दुखू लागलं, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपायला लागतं, ते बहुधा ताप उतरतानाच.