खुर्चीवरच्या चार चादरी

मे महिन्यात सोलापुरात सकाळी आठनंतर बाहेर पळणं म्हणजे अंगाचे हाल. पारा ४३ च्या वर जातो आणि मग पार्क मैदानावर, सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जाणारे अर्धे लोक "आता पावसाळ्यात बघू" म्हणून घरी बसतात. माझी आईपण बसली होती. वय ६३, तक्रार एकच, जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात दाबल्याशिवाय उठताच येत नव्हतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की सांधा फार काही बिघडलेला नाही, मांडीत ताकद राहिलेली नाही.

तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचं वजन साधारण ३ ते ८ टक्के कमी होतं आणि साठीनंतर हा वेग वाढतो. पण त्या वयातसुद्धा स्नायूवर ताण दिला की तो वाढतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे पन्नाशीच्या माणसाला लगेच "आता झेपेल तेवढंच करा" सांगून बसवतात.

आम्ही काय केलं, तर लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्यावर घरातल्या चार सोलापुरी चादरी घड्या घालून रचल्या. बैठक उंच झाली की गुडघा कमी वाकतो, उठायला जोर कमी लागतो. हात छातीवर, उठायचं, सावकाश बसायचं, असं आठ वेळा. जमायला लागलं की एक चादर काढायची. दोन महिन्यांत चारही चादरी निघाल्या आणि आता ती पाटावरून उठते. जिममध्ये लोखंडी प्लेटा वाढवत नेतात, आम्ही चादरी कमी करत गेलो, शास्त्र तेच, आज जेवढं झेपतं त्याच्यापेक्षा किंचित जास्त मागत राहायचं.

जोराचंही, म्हणजे पुशअपचंही, असंच आहे. साधा पुशअप मारताना शरीराच्या वजनाचा साधारण ६४ टक्के भार हातावर येतो असं मोजून बघितलेलं आहे, म्हणजे ७० किलोचा माणूस प्रत्येक वेळी जवळपास ४५ किलो ढकलत असतो, सिमेंटच्या गोणीपेक्षा थोडंसंच कमी! गुडघे टेकले की हा भार ४९ टक्क्यांवर येतो, हात दोन फूट उंच बाकावर ठेवले तर ४१ टक्क्यांवर, आणि उलट पाय बाकावर आणि हात जमिनीवर ठेवले तर ७४ टक्के. म्हणून एकही जोर निघत नाही म्हणणाऱ्यानं लाजायचं काहीच कारण नाही, भिंतीला हात लावून सुरू करायचं, मग ओटा, मग पलंगाची कड, मग जमीन. तालमीतले जोर-बैठका मारणारे पैलवान पण एका दिवसात तिथं पोचलेले नसतात.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढलेली कळते पण दंड काही फुगत नाही आणि इथंच बरेच लोक सोडून देतात. होतं असं की सुरुवातीची ताकद ही जास्त करून मेंदू आणि मज्जातंतूंची असते, मेंदू एकाच वेळी जास्त स्नायूतंतूंना कामाला लावायला शिकतो, स्नायू जाड होणं त्याच्यानंतर दिसतं. आणि वजन हलकं असलं तरी चालतं, फक्त शेवटचे दोन-तीन जोर जड जायला पाहिजेत, कारण मोठे तंतू शरीर शेवटी कामाला लावतं, आधीचे दमल्यावर. श्वास रोखायचा नाही, मोठ्यानं आकडे मोजा म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. छातीत दुखत असेल, बीपी जास्त असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि त्याशिवाय किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखी हालचाल सांगते.

शुगरवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. स्नायू काम करत असताना रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत ओढून घेतो, आणि मांडीचे स्नायू तर शरीरातल्या सगळ्यात मोठ्या स्नायूंपैकी. जेवल्यावर लगेच आडवं होण्याऐवजी घरातल्या घरात दहा मिनिटं चाललं तरी जेवणानंतरची साखर कमी चढते.

आता ताट. आपली ज्वारी चांगलीच आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, १०० ग्रॅममध्ये साधारण १० ग्रॅम प्रोटीन आणि तेवढाच चोथा, म्हणजे फायबर. पण भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली की झालं प्रोटीन, असं जे आपण सोलापूरकर धरून चालतो ना, ते अर्धंच बरोबर आहे. ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनचा एक घटक, कमी असतं, आणि शेंगदाण्यात प्रोटीन भरपूर असलं तरी तेच लायसिन त्यातही कमीच पडतं. ते भरून निघतं डाळींमधून, मटकी, हुलगे, पिठलं, तुरीची आमटी, नाहीतर दही, दूध, अंडी. त्यामुळे कडक भाकरी आमटीत कुस्करून खायची आपली पद्धत शास्त्राला धरूनच आहे की. शेंगाचटणी सोडा असं मी कधीच म्हणणार नाही, फक्त शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साधारण ५६० कॅलरी असतात आणि वर तेल, तेव्हा चमचाभर चटणी ही चटणीसारखी खायची, भाजीसारखी नाही.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशोबानं किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन रोज लागतं, ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. तीन मध्यम भाकऱ्यांतून १५ एक ग्रॅम येतात, बाकीचे कुठून येणार हे ताटात बघून स्वतःच मोजा.

आणि वजन कमी करायचं असेल तर जोर-बैठकांवर फार भिस्त ठेवू नका, दहा मिनिटांत त्यातून थोड्याच कॅलरी जळतात. दोन चमचे साखरेचा चहा म्हणजे ४० कॅलरी नुसत्या साखरेच्या, दिवसाला पाच कप झाले की २०० झाल्या. पोट फक्त पोटाच्या व्यायामानं उतरत नाही, चरबी कुठून कमी व्हायची हे शरीर ठरवतं. ताटानं वजन उतरतं, व्यायामानं स्नायू टिकतो, दोन्ही लागतं.

घरच्या व्यायामात एक कमी आहे, ढकलायचं भरपूर होतं पण ओढायचं काहीच नाही, म्हणून पाठ मागं राहते. बागेतल्या ओपन जिमचा बार असेल तर नुसतं लटकलं तरी सुरुवात होते. ते नसेल तर बादली. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो. एक हात पलंगावर टेकवून, कंबर सरळ ठेवून वाकायचं आणि दुसऱ्या हातानं बादली कमरेपर्यंत ओढायची, आठ वेळा एका हातानं, आठ वेळा दुसऱ्या. आमच्याकडे नळाला पाणी येतं त्या दिवशी ड्रम भरता भरताच हे होऊन जातं, आईनं पण आता अर्ध्या बादलीवर सुरू केलंय.