जुगाराचा नाद (कोकण)

पैसे लावून खेळण्याची जी सवय हरल्यावर थांबत नाही, उलट हरल्यामुळेच वाढते, ती वैद्यकाच्या भाषेत जुगार-विकार. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये तिला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीत बसवले. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तिची जागा व्यसनांतच आहे. कोकणात यासाठी साधा शब्द ‘नाद’. शब्द नेमका आहे, पण त्यात आजारापेक्षा स्वभावदोष जास्त ऐकू येतो, आणि म्हणूनच माणूस डॉक्टरपर्यंत उशिरा पोचतो.

या किनाऱ्यावर जुगाराला सणाची मुभा आहे. गणपतीत आरती आटोपली की जागरणाच्या निमित्ताने पडवीत पत्ते निघतात, मुंबईहून आलेले चाकरमानी आणि गावचे भाऊबंद मांडी घालून बसतात, आणि पाच-दहा रुपयांची तीनपत्ती पहाटेपर्यंत चालते. बहुतेकांचा खेळ विसर्जनाबरोबर संपतो. हिवाळ्यात जत्रा सुरू झाल्या की देवळापुढे दशावतार रंगतो आणि जरा आडोशाला अंदर-बाहरचा पट मांडलेला असतो. नादी माणूस सुरुवातीला ओळखू येत नाही तो याचमुळे: त्या रात्री सगळेच खेळत असतात.

मटक्याला सण लागत नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर लागणाऱ्या आकड्यांतून तो निघाला, आणि १९६० च्या दशकात मुंबईत कल्याणजी भगत व रतन खत्री यांनी त्याचा पसारा वाढवला. गिरणगावात कोकणी माणूस मोठ्या संख्येने होता. ओपन (पहिला आकडा), क्लोज (दुसरा), जोडी (दोन्ही मिळून) ही मटक्याची भाषा गावी यायला वेगळी वाट शोधावी लागली नसावी. त्यातला हिशेब साधा आहे. एकेरी आकड्याला रूढ दर नऊपट. दहाही आकड्यांवर शंभर-शंभर लावले तर हजार जातात आणि नऊशे परत येतात. एखाद्या दिवशी कुणी जिंकतो, रोज खेळणारा मात्र या शंभराने झिजत जातो. ‘आज आपला आकडा लागायचाच आहे’ हा भरवसा हिशेबात कुठेच बसत नाही, कारण कालच्या आकड्याची आजच्या आकड्याला काही आठवण नसते.

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. गोव्यात मात्र कायद्यातल्या दुरुस्त्यांमुळे कॅसिनो चालतात. मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंत २०२० पासून खुद्द गोवेकरांना खेळायला बंदी आहे. सीमेपलीकडच्या सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला ती लागू नाही, हा त्यातला विनोद. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली. त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, त्यामुळे मदत मागताना त्या धाकाने गप्प बसायचे कारण नाही.

‘जबाबदारीने खेळा’ हा सल्ला पडवीतल्या खेळापुरता खरा: रक्कम आधी ठरवावी, उसने घेऊन बसू नये, दारू पिऊन लावू नये, गेलेले परत आणायला पुन्हा बसू नये. शेवटची अट ज्याला पाळता येत नाही, त्याच्यासाठी मर्यादेचा सल्ला निरुपयोगी आहे. त्याला पूर्ण बंद करावे लागते. खुणा घरातच दिसतात. आंब्याचे किंवा मासळीचे पैसे आले कधी आणि गेले कुठे याचा मेळ लागत नाही. मंगळसूत्र तारण असल्याचे पतपेढीच्या नोटिशीतून कळते. विचारले की चिडचिड, मग शपथ, मग पुन्हा तेच.

घरच्यांची सर्वांत मोठी चूक मायेपोटी होते. भाऊ मुंबईहून येतो, सगळे कर्ज एकरकमी फेडतो, आणि नादी माणसाच्या लेखी बाजारात त्याची पत पुन्हा तयार होते. त्यापेक्षा आधी देण्यांची पूर्ण यादी कागदावर उतरवावी, पगार व बँक खाते काही काळ दुसऱ्याच्या हाती द्यावे, मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय बंद करावी, आणि फेड हप्त्याने, शक्यतो त्याच्याच कमाईतून करावी.

उपचारांत मुख्य भर समुपदेशनावर असतो: खेळावेसे कधी वाटते, त्या वेळी मनात कोणता हिशेब चालतो, तो कुठे चुकतो. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्यावर औषधे दिली जातात. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क असून रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते, आणि माणूस स्वतः तयार नसेल तर बायको किंवा आईही फोन करू शकते. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे जाणे म्हणजे ‘वेड्यांच्या इस्पितळात’ जाणे ही समजूत अजून गेलेली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. कर्जापायी जीव देण्याची भाषा कानावर आली तर मात्र वाट पाहू नये, त्याच दिवशी माणसाला रुग्णालयात न्यावे आणि एकटे सोडू नये.

सहा महिने सुटलेला नाद गणपतीत परततो, हे ठाऊक असलेली घरे त्या रात्रींची आधीच तजवीज करतात: पडवीत पत्ते बसलेच तर पैशांविना, नाहीतर तो माणूस शेजारच्या वाडीत भजनाला टाळ धरायला.