डी ड्राइव्हमध्ये ठेवलंय ना?

‘फोटो सीमध्ये ठेवू नकोस, डीमध्ये ठेव’ असं आल्यागेल्याला बजावणारा एक तरी काका पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत सापडतो. काकांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. विंडोज बिघडलं की दुकानदार सी ड्राइव्ह फॉरमॅट करून नवं विंडोज टाकून द्यायचा आणि डीमधलं सगळं जागच्या जागी राहायचं. पण त्यावरून ‘डीमधलं सुरक्षित असतं’ अशी जी समजूत झाली, ती साफ चुकीची. बहुतेक घरगुती संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात.

हे भाग, म्हणजे पार्टिशन, असतात फक्त कागदोपत्री. डिस्कवर कुठे भिंत नसते की रेघ नसते. या भागांची नोंद ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यात, ६४ बाइटचा एक तक्ता असतो. त्यात प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी: अमुक भाग इथून सुरू, इतका लांब. बस्स. १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आलेल्या या पद्धतीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात, त्यामुळे हिशेब २ टेराबाइटपाशी संपतो. ४ टेराबाइटची डिस्क चुकून एमबीआर म्हणून सुरू केली, तर विंडोज २०४८ जीबी हाती देतं आणि उरलेल्या साधारण १६७८ जीबीवर काळी पट्टी ओढून गप्प बसतं. (बेरीज ३७२६ येते, ४००० नाही. यात दुकानदाराचा काही दोष नाही; कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.) नव्या जीपीटी पद्धतीत क्रमांक ६४ बिटांचे, विंडोजमध्ये १२८ पार्टिशनपर्यंत सोय, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी जपलेली.

‘इथून सुरू, इतका लांब’ एवढं लक्षात ठेवलं की एक नेहमीचं कोडं सुटतं. सी भरून लाल झालाय, डीमध्ये ढीगभर जागा आहे. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडलं, डी आकसवून १०० जीबी मोकळे केले, तरी सीवरचं ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकटच! कारण मोकळी जागा निघाली डीच्या उजव्या टोकाला, आणि सीला लांबायचं तर ती त्याच्या उजव्या हाताला लागूनच हवी. पुष्कळ लॅपटॉपांत तर मध्ये एक छोटं रिकव्हरी पार्टिशनही ठाण मांडून बसलेलं असतं. डीमधला माल दुसऱ्या डिस्कवर हलवून, डी पुसून, सी वाढवून डी नव्यानं करणं हा कंटाळवाणा पण भरवशाचा मार्ग. पार्टिशन जागेवरून सरकवून देणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण ती सगळा डेटा उचलून पुढे नेऊन ठेवत असतात आणि त्याला तासन्‌तास लागू शकतात. मे महिन्यात दुपारी चारला वळवाचा पाऊस आला, गुलमोहराची फांदी तारेवर पडली आणि वीज गेली, तर निम्मा डेटा जुन्या जागी, निम्मा नव्या. यूपीएस नसेल तर मी त्या वाटेला जाणार नाही.

आता खरी घबराट उडवणारा प्रकार. बाहेरची हार्ड डिस्क जोडली आणि विंडोज म्हणालं, ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा.’ डिस्क मॅनेजमेंटमध्ये एनटीएफएसच्या (विंडोजची फाइली मांडून ठेवायची पद्धत) जागी ‘रॉ’, म्हणजे मांडणी ओळखता येत नाही, असं लिहिलेलं. लग्नाचे फोटो गेले असं वाटून पोटात गोळा येतो. पण सातबारा हरवला म्हणून मावळातली जमीन नाहीशी होत नाही. बिघडलेली असते बहुधा नोंद. फोटोंचे बाइट होते तिथेच असतात. अशा वेळी ‘फॉरमॅट’ला नाही म्हणायचं आणि त्या डिस्कवर एक अक्षरही नवीन लिहायचं नाही. आधी केबल बदलून पाहा. पुण्यातल्या तापकीर गल्लीत शे-दोनशे रुपयांत मिळणाऱ्या केबलनं पुष्कळदा प्रश्न मिटतो. नाहीच मिटला, तर टेस्टडिस्कसारखं मोफत सॉफ्टवेअर हरवलेल्या पार्टिशनच्या सीमा शोधून देतं. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची, म्हणजे पार्टिशनची मूळ माहिती असलेल्या पहिल्या सेक्टरची, एक प्रत पार्टिशनच्या शेवटी ठेवतं, ती इथे कामी येते.

मात्र डिस्क टकटक वाजत असेल तर गोष्ट वेगळी. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि वाचणारं हेड तिच्यावरून काही नॅनोमीटरच्या अंतरानं तरंगतं. खोदलेल्या रस्त्यांवरची जी धूळ आपण रोज खातो, तिचा बारीक कणसुद्धा हजारो नॅनोमीटरचा असतो. म्हणून घरी डिस्क उघडून ‘बघू तरी’ म्हणणाऱ्याला थांबवा. डिस्क शाबूत आहे की थकलीय हे क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर सांगतं: निकामी सेक्टरच्या बदल्यात किती राखीव वापरले आणि किती अजून संशयित आहेत, हे दोन आकडे पाहायचे. ते चढत असतील तर चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, चालवू नका. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर ते लिहायलाही लागतं. आधी पूर्ण डिस्कची प्रत काढायची. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू सोपे भाग आधी वाचून घेतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतं, आणि तेच शहाणपणाचं आहे.

एसएसडीच्या, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कच्या, बाबतीत मात्र सातबाऱ्याचा दिलासा फारसा टिकत नाही. फाइल पुसली किंवा क्विक फॉरमॅट केलं की विंडोज ‘ट्रिम’ हा आदेश पाठवून त्या जागा आता लागणार नाहीत असं सांगतं, आणि एसएसडी सवडीनं त्या खरोखर रिकाम्या करते. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, हे चालू आहे. त्यात पुष्कळ नव्या लॅपटॉपांत विंडोज ११ डिस्क न सांगताच एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद करून, ठेवतं. ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. सहसा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप चालू आहे तोवर तिथून उतरवून कागदावर लिहून ठेवा. कागद, डी ड्राइव्ह नव्हे.