पायाचं सूप रात्रभर ओट्यावर ठेवू नका

सकाळी आठच्या सुमारास आमच्या मटणाच्या दुकानात फोन येतो. "दादा, काल नेलेले पाये शिळे होते. सूप आंबलं." आम्ही एवढंच विचारतो, की गॅस किती वाजता बंद केला आणि रात्री पातेलं कुठे होतं? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं. रात्री अकराला गॅस बंद केला, वर झाकण ठेवलं, सकाळी फ्रीजमध्ये ठेवणार होतो.

पाये शिळे असते, तर पहिल्या उकळीलाच वास आला असता. बिघडलं ते रात्री. सूप ५ ते ६० अंशांच्या मधे जितका वेळ राहतं, तितके त्यात जिवाणू वाढतात. काहींचे बीजाणू तर उकळीतही मरत नाहीत, पाणी कोमट झालं की पुन्हा जागे होतात. थंडीचे चार दिवस सोडले, तर मुंबईत रात्रीही स्वयंपाकघर गारच होत नाही. झाकलेलं तीन-चार लिटरचं पातेलं पहाटेपर्यंत आतून कोमट राहतं, आणि जिवाणूंना तेच मानवतं.

"आमची आजी तर रात्रभर चुलीवर ठेवायची," असंही ऐकतो. खरं आहे. पण आजीच्या चुलीत निखारे असायचे, त्यावर सूप रात्रभर कढत राहायचं. आपला गॅस बंद झाला की बंद. आणि सकाळी पुन्हा खळाखळा उकळलं म्हणजे झालं, असं कृपया समजू नका. जिवाणू मरतील, पण त्यांनी सोडलेली काही विषं उकळूनही जात नाहीत. असं सूप फेकूनच द्या, बाळंतिणीसाठी किंवा आजारी माणसासाठी केलेलं असेल तर नक्कीच.

सूप तयार झालं की लगेच गाळा. एकाच पातेल्यात न ठेवता तीन-चार पसरट स्टीलच्या डब्यांत ओता. परातीत नळाचं पाणी आणि बर्फ घालून डबे त्यात ठेवा, पाणी गरम झालं की बदला. अर्ध्या-पाऊण तासात डबे हाताला गार लागतात, मग फ्रीजमध्ये. गॅस बंद केल्यापासून सगळं दोन तासांच्या आत व्हायला हवं. फ्रीजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये दोन महिने. एका वेळेला लागेल तेवढंच काढून गरम करा.

म्हणूनच आम्ही पाये सकाळीच पोचवतो. संध्याकाळी पाठवा म्हणून पुष्कळ आग्रह होतो, पण सातला पाये हातात पडले, की सूप अकराला होतं आणि ओट्यावरच राहतं. दुपारी चढवा, दिवेलागणीला गाळून होईल.

याच्या उलटही फोन येतो. "फ्रीजमध्ये सूप थिजलं, डबा उलटा केला तरी पडत नाही, खराब झालं का?" नाही हो, तेच उत्तम सूप! खुराच्या सांध्यांतलं आणि कातडीतलं कोलेजन नावाचं प्रथिन शिजून त्याचं जिलेटिन होतं, आणि गार झालं की ते जेलीसारखं थिजतं. एका ताईंनी असा अख्खा डबा ओतून दिला होता, ते ऐकून फार वाईट वाटलं. आंबट वास, बुडबुडे, तार सुटणं, ही बिघडल्याची खूण. थिजणं नव्हे. नुसत्या नळ्या घेतल्या किंवा पाणी फार झालं, तर मात्र थिजत नाही. नळीत मगज असतो, चव येते, पण जेली पायाची.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. थायरॉइड, पीसीओडी, पाळी जाण्याचा काळ, यांत सूपने हार्मोन्स नीट होतात का? सूप औषध नाही. 'हार्मोन सूप' असं पाकिटावर छापा, खप वाढेल, असं आम्हाला सुचवलं जातं. आम्ही छापणार नाही. थायरॉइडचं हार्मोन बनायला आयोडीन आणि टायरोसिन हा प्रथिनांतला घटक लागतो, आणि जिलेटिनमध्ये टायरोसिन अगदी थोडं असतं. ट्रिप्टोफॅन हा तसाच दुसरा घटक तर नसतोच. त्यामुळे सूपसोबत अंडं, डाळ किंवा मटणाचे तुकडे हवेतच. मीठ आयोडीनयुक्त वापरा, सैंधवात सहसा वरून आयोडीन घातलेलं नसतं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबरच घ्या, सूप त्यानंतर अर्ध्या-एक तासाने. हाडांतलं कॅल्शियम सूपमध्ये फारसं उतरत नाही, व्हिनेगर घातलं तरी. ते हवं असेल तर सोबत नाचणीची भाकरी घ्या, १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. मग सूपचा उपयोग काय? चारच्या चहा-बिस्किटाऐवजी वाटीभर सूप आणि एक उकडलेलं अंडं घेतलं, तर साखर एकदम चढत नाही, इन्सुलिनवरचा ताण कमी होतो, आणि जेवणापर्यंत पोट शांत राहतं. इन्सुलिन हेही हार्मोनच आहे, आणि पीसीओडीत बऱ्याच जणींचा त्रास तिथेच असतो. युरिक अ‍ॅसिड किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

कृती तुम्हाला माहीत आहे, फक्त थोडं सांगतो. चार पाये पाण्यात पाच मिनिटं उकळून ते पहिलं पाणी फेका. मग दोन लिटर गार पाणी, आलं, ठेचलेला लसूण, हळद, मिरे, तमालपत्र. कुकरमध्ये पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून एक तास, पातेल्यात मंद आचेवर चार-पाच तास. मोठ्या आचेवर खळखळवलं की चरबी पाण्यात मिसळून सूप गढूळ आणि तेलकट होतं. मीठ शेवटी.

आमच्या सूपच्या पाकिटात चार पाये, गुडघ्याचे दोन सांधे आणि दोन नळ्या असतात. पाये भाजून, खरवडून, तुकडे करून देतो. सोललेल्या पायांपेक्षा हे थोडे महाग पडतात, कारण हाताने भाजायला वेळ लागतो. पण कातडी राहते, आणि जेली बरीचशी त्या कातडीतच असते. देवनारचा कत्तलखाना बंद असेल त्या दिवशी आम्ही पाये विकत नाही, कालचे ताजे म्हणून देत नाही.

आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत सांगा. सांगताना किती वाजता शिजवणार आणि घरात कुणासाठी करताय तेही कळवा, बाळंतिणीसाठी असेल तर तुकडे बारीक करून देऊ.