लघुआकारी व्यावसायिक स्मार्टफोन

कार्यालयीन ईमेल, दैनंदिनी, संपर्कयादी आणि कागदपत्रे हाताळण्यासाठी योजलेल्या, पण सदऱ्याच्या खिशात मावणाऱ्या आणि एका हाताने चालवता येणाऱ्या मोबाइल फोनला लघुआकारी व्यावसायिक स्मार्टफोन म्हणता येईल. त्याच्या बहुतेक गुणदोषांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे आकारमान. जी जागा वाचल्यामुळे तो सोयीचा ठरतो, तीच पडद्याला, बॅटरीला आणि कळफलकाला कमी पडते.

हा प्रकार रुळवण्याचे श्रेय मुख्यतः कॅनडातील रिसर्च इन मोशन या कंपनीच्या ब्लॅकबेरी फोनांना जाते. सर्व्हरवर आलेली ईमेल मागणी न करता थेट फोनवर पोहोचणे, हे त्यांचे खरे आकर्षण होते. २००६ च्या ‘पर्ल’मध्ये फोन अरुंद ठेवण्यासाठी बहुतेक कळांवर दोन-दोन अक्षरे बसवण्यात आली. नोकियाने २००७ मध्ये ई५१ आणि २००८ मध्ये ई७१ आणला. ई७१ ची जाडी सुमारे १० मिमी आणि वजन १२७ ग्रॅम होते. तरीही त्यात पूर्ण कळफलक आणि १,५०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेची बॅटरी होती. कार्यालयीन व खासगी वापरासाठी दोन वेगळे मुखपट (होम स्क्रीन) ठेवून एका कळीने त्यांची अदलाबदल करता येत असे. ही कल्पना साधी असली, तरी नंतरच्या कित्येक महागड्या फोनांपेक्षा शहाणपणाची होती.

अशा फोनचे बळ पाहायचे, तर नागपुरातील हिवाळी अधिवेशनाचे दिवस आठवावेत. एका हातात फाइल धरून विधानभवन, रविभवन आणि सचिवालयाच्या दालनांमध्ये ये-जा करणाऱ्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने निरोप पाठवता येणे महत्त्वाचे असते. तेथे पडद्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत अंगठा पोहोचणे ही चैन नसून गरज असते. इतवारीच्या गर्दीत दुचाकीवरून हिंडणाऱ्या व्यापाऱ्यालाही वरच्या खिशातून डोके न काढणारा फोन बरा पडतो.

वाचनाच्या बाबतीत मात्र हा फोन उघडा पडतो. शासन निर्णय असो वा न्यायालयीन आदेश, तो बहुधा ए४ पानाच्या पीडीएफ स्वरूपात मिळतो. हे पान २१० मिमी रुंद असते, तर ५.४ इंची आयफोन १२ मिनीचा पडदा उभा धरल्यास जेमतेम ५८ मिमी रुंद भरतो. त्यामुळे १२ पॉइंटचे (पॉइंट हे छापील अक्षराच्या आकाराचे माप) अक्षर सव्वातीन पॉइंटच्या आसपास आक्रसते. देवनागरीत वेलांट्या व रफार वर, उकार खाली आणि जोडाक्षरे मध्ये दाटलेली असल्याने हा त्रास अधिक जाणवतो. पान मोठे करून डावी-उजवीकडे सरकवत वाचताना परिच्छेदाचा धागा सुटतो आणि कलमांचे कोष्टक असल्यास स्तंभाचे शीर्षकच नजरेआड होते. अर्थात ६.७ इंची पडद्यावरही तेच अक्षर चार पॉइंटच्या थोडेच पुढे जाते, म्हणून मोठा फोन घेतल्याने हा प्रश्न सुटतो असे समजणे भाबडेपणाचे आहे.

दुसरी उणीव बॅटरीची. आयफोन १२ मिनीत २,२२७ एमएएच, तर त्याच पिढीतील प्रो मॅक्समध्ये ३,६८७ एमएएच क्षमता आहे. मोठा पडदा अधिक वीज खातो हे खरे. पण नकाशा, हॉटस्पॉट आणि लांबलचक कॉल यांचा खर्च पडद्याच्या आकारावर फारसा अवलंबून नसतो. नागपूरच्या उन्हाळ्यात त्यात आणखी भर पडते. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा, असे त्याच्या निर्मात्याचे म्हणणे आहे, आणि येथे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. उन्हात पडदा दिसावा म्हणून प्रकाशमान वाढवावे लागते, त्याने फोन तापतो आणि लहान शरीराला ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी पृष्ठभागही कमी मिळतो. उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकीत फोन ठेवणे तर बॅटरीचे आयुष्य हाताने घटवण्यासारखे आहे.

कळफलकाची उणीव प्रामुख्याने जुन्या पिढीची होती. बारीक कळांवर इंग्रजी झपाट्याने लिहिता येई, मराठीसाठी मात्र त्या अडचणीच्या ठरत. स्पर्शपडदा आणि बोलून लिहिण्याच्या सोयीमुळे ही उणीव बरीच भरून निघाली.

ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीवरील सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाल्या आणि आयफोनची मिनी मालिका २०२३ मध्ये थांबली. कार्यालयीन आणि खासगी माहिती वेगळी ठेवण्याचे काम आता अँड्रॉइडमधील ‘वर्क प्रोफाइल’सारख्या सोयी कोणत्याही आकाराच्या फोनवर करतात, त्यामुळे आटोपशीर आकार ही व्यावसायिक फोनची ओळख न राहता केवळ वापरणाऱ्याच्या पसंतीची बाब झाली आहे.