ॲथलेटिक

ॲथलेटिक : शरीराची चपळाई, ताकद व खेळातले अंगभूत कसब दाखवणारे इंग्रजी विशेषण, तसेच धावणे, उड्या आणि फेकीच्या स्पर्धांशी संबंध दाखवणारे विशेषण. मराठीत हा शब्द दोन वाटांनी आला. एक वाट क्रीडासंस्था आणि स्पर्धांच्या नावांची, दुसरी अंगकाठीच्या वर्णनाची. वापरातल्या बहुतेक चुका या दोन वाटांची सरमिसळ झाल्याने होतात.

व्युत्पत्ती : शब्द मूळचा ग्रीक. त्या भाषेत ‘ॲथ्लॉस’ हे पुल्लिंगी नाम झुंज किंवा स्पर्धा या अर्थाचे, तर ‘ॲथ्लॉन’ हे नपुंसकलिंगी नाम स्पर्धेत मिळणाऱ्या बक्षिसाचे. होमरच्या काव्यात त्यांची ‘आएथ्लॉस’, ‘आएथ्लॉन’ अशी जुनी, न आकसलेली रूपे आढळतात. पेंटॅथलॉन, डेकॅथलॉन, ट्रायथलॉन या शब्दांची शेपटी तीच. त्यामागचा धातू कोणता यावर एकमत नाही. काहींनी तो इंडो-युरोपीय कुळात शोधला, तर काहींना तो ग्रीकांच्या आधीच्या एखाद्या भाषेतून आलेला वाटतो. कोणताही पक्ष निर्णायक पुरावा देऊ शकलेला नाही.

झुंज हा अर्थ आधीचा की बक्षीस हा, हाही वाद जुना आहे. ‘इलियड’च्या तेविसाव्या सर्गात पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनिमित्त झालेल्या खेळांत दोन्ही अर्थ शेजारी शेजारी येतात, त्यामुळे केवळ प्राचीनतेवर निवाडा होत नाही. तरी झुंज व कष्ट हा अर्थ आधीचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ग्रीक पुराणकथांतला वीर हेराक्लीस (हर्क्युलिस) याच्या बारा महाकष्टांना ग्रीक ‘ॲथ्लॉई’ म्हणत. शिवाय त्याच कुळातला ‘आथ्लिऑस’ हा शब्द ‘हालअपेष्टांत पडलेला, दीन’ या अर्थाने रूढ झाला आणि आजच्या ग्रीकमध्येही तो हलाखी सांगतो. बक्षिसापासून निघालो तर दैन्यापर्यंत पोचायला फार आडवळणे घ्यावी लागतात. कष्टापासून निघालो तर वाट सरळ आहे.

‘ॲथ्लेटेस’ म्हणजे बक्षिसासाठी उतरणारा स्पर्धक. पुढे हा शब्द विशेषतः कुस्ती व मुष्टियुद्धातल्या व्यावसायिक मल्लांना लावला जाई. त्यापासून ‘ॲथ्लेटिकॉस’ हे विशेषण झाले आणि लॅटिन ‘ॲथ्लेटिकस’च्या द्वारे ते इंग्रजीत आले. ग्रीक वैद्यांच्या लेखी हे विशेषण मुळीच निरोगीपणाचे नव्हते. हिपोक्रॅटिसच्या नावावरील सूत्रसंग्रहात मल्लांचे शरीर कमालीच्या कसाला पोचले की ते धोक्याचे, कारण तिथून ते फक्त खालीच येऊ शकते, अशा आशयाचे सूत्र आहे. गेलेननेही मल्लांच्या अतिखाण्यावर आणि अतिव्यायामावर कडक टीका केली. आज या शब्दाला चिकटलेला ‘तंदुरुस्त’ हा अर्थ म्हणूनच बराच नंतरचा समजावा.

इंग्रजीतील प्रवेश : १७व्या शतकाच्या आरंभी हा शब्द इंग्रजी लिखाणात दिसू लागतो. इंग्रज तत्त्ववेत्ता फ्रान्सिस बेकनने १६०५ साली ज्ञानशाखांची मांडणी करताना देहविषयक विद्येचे चार भाग पाडले : रोग बरे करणारी, सजवणारी, क्रियाशक्तीची आणि भोगाची. यांतल्या तिसरीला त्याने ‘ॲथलेटिक’ म्हटले. इथे तो नाम म्हणून, आणि एकवचनी आला आहे. त्याने तिच्यात दोन अंगे धरली, क्रियाशीलता व सोशिकता. क्रियाशीलतेत बळ आणि वेग, तर सोशिकतेत उपासमार-थंडीवाऱ्याला टिकणे आणि वेदना सहन करणे. आजच्या कोणत्याही कोशातल्या व्याख्येपेक्षा ही मांडणी भरीव आहे. नुसत्या पीळदार दंडाला यात स्थान नाही.

‘ॲथलेटिक्स’ हे सकारान्त नाम १८व्या शतकात रूढ झालेले दिसते. फिजिक्स, मॅथेमॅटिक्स यांप्रमाणे ग्रीक नपुंसकलिंगी अनेकवचनाच्या वळणावर ते घडले. शेवटचा स अनेकवचनासारखा दिसला तरी विद्येचे किंवा क्रीडाप्रकाराचे नाव म्हणून इंग्रजीत त्याला बहुधा एकवचनी क्रियापद लागते.

दोन अर्थ, दोन व्याकरणे : वापराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की हे विशेषण एक नसून दोन आहेत. पहिले संबंधदर्शक : ‘ॲथलेटिक क्लब’, ‘ॲथलेटिक असोसिएशन’. क्लब स्वतः चपळ नसतो, त्याचा खेळांशी संबंध असतो. दुसरे गुणदर्शक : ‘ॲथलेटिक खेळाडू’, ‘ॲथलेटिक झेप’. ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे आधी ‘व्हेरी’ लावून पाहणे. ‘व्हेरी ॲथलेटिक गर्ल’ चालते. ‘व्हेरी ॲथलेटिक असोसिएशन’ म्हटले की वाक्य कोसळते. संबंधदर्शक विशेषण क्रियापदानंतरही येत नाही, म्हणजे ‘धिस क्लब इज ॲथलेटिक’ असे कोणी म्हणत नाही.

आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे विशेषणाचे नाम करणे : ‘ही इज ॲन ॲथलेटिक’. इथे ‘ॲथलीट’ हवे. दुसरी चूक ‘ॲथलेटिक्स बॉडी’; गुण सांगताना स येत नाही. मात्र ‘ॲथलेटिक्स ट्रॅक’, ‘ॲथलेटिक्स कोच’ हे शुद्ध आहे, कारण तिथे क्रीडाप्रकाराचे नावच दुसऱ्या नामापुढे बसले आहे. जुने वळण ‘ॲथलेटिक’कडे झुके, नवे ‘ॲथलेटिक्स’कडे झुकते. जागतिक महासंघाच्या नावांत हा बदल लख्ख दिसतो. १९१२ साली स्टॉकहोममध्ये स्थापन झाली ती ‘इंटरनॅशनल ॲमेच्युअर ॲथलेटिक फेडरेशन’. २००१ मध्ये आद्याक्षरे तीच ठेवून ‘ॲमेच्युअर’ गेले आणि ‘ॲथलेटिक’चे ‘ॲथलेटिक्स’ झाले. २०१९ पासून नाव नुसते ‘वर्ल्ड ॲथलेटिक्स’. भारतातही १९४६ च्या ‘ॲमेच्युअर ॲथलेटिक फेडरेशन’ची आज ‘ॲथलेटिक्स फेडरेशन ऑफ इंडिया’ झाली आहे.

ब्रिटन व अमेरिका यांतला फरक इथेच ध्यानात घ्यावा. ब्रिटनमध्ये, आणि म्हणून भारतातही, ॲथलेटिक्स म्हणजे धावणे, उड्या, फेकी. अमेरिकेत त्यांना ‘ट्रॅक अँड फील्ड’ म्हणतात आणि ॲथलेटिक्समध्ये सगळेच खेळ येतात. तिथल्या विद्यापीठाची ‘ॲथलेटिक स्कॉलरशिप’ बास्केटबॉलपटूलाही मिळते. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांची अर्ज भरताना इथे गफलत होऊ शकते.

संस्थांच्या नावांत इंग्रजी विशेषण इतर भाषांनीही उचलले. बिल्बाओच्या बास्क फुटबॉल क्लबने ‘ॲथलेटिक’ हे इंग्रजी रूपच ठेवले. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत परकी नावांवर बंदी आल्यावर ते ‘ॲटलेटिको’ करावे लागले आणि १९७०च्या दशकात क्लबने जुने नाव परत घेतले.

अंगकाठीचे वर्णन : जर्मन मनोवैद्य एर्न्स्ट क्रेच्मरने १९२१ मध्ये माणसांच्या देहांचे जे वर्ग पाडले त्यांत सडपातळ आणि गोल-स्थूल यांच्याबरोबर ‘ॲथलेटिक’ हा वर्ग होता. देहावरून स्वभाव व मनोविकार सांगण्याचा त्याचा दावा पुढे टिकला नाही. रुंद खांदे, भरदार छाती, बारीक कंबर हे चित्र मात्र शब्दाला चिकटून राहिले.

हे चित्र अपुरे आहे. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे ३,००० मीटर स्टीपलचेस धावतो. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याची उडी असते. पाण्यापुढच्या जड, न हलणाऱ्या अडथळ्यावर एक पाय टेकवायचा, अंग पुढे झोकून द्यायचे, दुसऱ्या पायावर पाण्याच्या उथळ टोकाला उतरायचे आणि लय न मोडता धावत राहायचे. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत त्याने रौप्यपदक मिळवले. अंगावर मांस म्हणाल तर जेमतेम. पण ॲथलेटिक म्हणावे ते यालाच. उलट व्यायामशाळेत कमावलेला देह मराठीत ‘पीळदार’ आणि इंग्रजीत ‘मस्क्युलर’ म्हणावा. ‘फिट’ हा शब्द प्रकृती सांगतो. रोज चालायला जाणाऱ्या आजी फिट असतात, ॲथलेटिक असतीलच असे नाही.

अमेरिकी क्रीडासमालोचनाच्या अभ्यासांतून हेही पुढे आले आहे की कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वाट्याला ‘ॲथलेटिक’सारखी शब्दयोजना जास्त येते आणि गोऱ्यांच्या वाट्याला बुद्धी व मेहनतीची. स्तुतीचा शब्दही अशा वेळी अन्याय करतो. खेळाडूच्या डोक्याचे श्रेय त्याच्या देहाला देऊ नये.

जवळचे शब्द : ‘स्पोर्टी’ दिसण्या-वागण्याला व कपड्यांना लागतो, ‘स्पोर्टिंग’ म्हणजे खिलाडूवृत्तीचा, ‘स्पोर्टिव्ह’ म्हणजे खेळकर, बागडणारा. भारतीय इंग्रजीत ‘स्पोर्टिव्ह’ खिलाडू या अर्थाने सर्रास वापरतात. मराठीने खिलाडू आणि खेळकर हा भेद सुरेख जपला आहे.

मराठी प्रतिशब्द : संबंधदर्शक अर्थासाठी ‘मैदानी’ (मैदानी स्पर्धा) हा वृत्तपत्रांनी रुळवलेला शब्द उत्तम आहे. गुणदर्शक अर्थासाठी एकच शब्द नाही आणि त्याची गरजही नाही : वेग सांगायचा तर चपळ, टिकाऊपणा सांगायचा तर काटक, सरावाने आलेली तयारी सांगायची तर कसलेला. ‘पहिलवानी’ हा शब्द प्राचीन ग्रीक अर्थाच्या सर्वांत जवळ जातो, पण आजच्या अर्थापासून दूर पडतो.

उच्चार : आघात मधल्या ‘ले’वर. थ आणि ल यांच्यामध्ये स्वर नाही. ‘ॲथ-अ-लेटिक’ असा उच्चार इंग्रजी मातृभाषा असलेलेही करतात, परंतु तो प्रमाण मानला जात नाही. मराठीत ‘ॲथलेटिक’ असे लिहिल्याने थ पूर्ण उच्चारण्याचा मोह होतो. ‘ॲथ्लेटिक’ हे लेखन उच्चाराला अधिक धरून आहे, रूढ मात्र पहिलेच झाले.