थाळीफेकपटूची कारकीर्द

थाळीफेक हा मैदानी स्पर्धांतील फेकीचा एक प्रकार. तो खेळणाऱ्याची कारकीर्द कशी घडते, कधी थांबते आणि पुढे कुठे जाते, एवढाच या नोंदीचा विषय आहे. ग्वाल्हेरमध्ये या खेळाला दोन नावे आहेत. लष्कर, कंपू भागातली मराठी मुले मैदानावर ‘चक्का’ (हिंदीत चाक) म्हणतात आणि घरी आली की ‘थाळी’. दोन्ही नावे अर्धीच खरी. वस्तू चाकासारखी गोल असली तरी ताटासारखी सपाट नसते. ती मध्ये फुगीर, कडेला निमुळती आणि भोवती धातूची कड असलेली असते.

पुरुषांची थाळी २ किलोची व सुमारे २२ सेंमी. व्यासाची, महिलांची १ किलोची व सुमारे १८ सेंमी. व्यासाची. फेक २.५ मी. व्यासाच्या वर्तुळातून करायची. थाळी मुठीत धरत नाहीत. बोटांच्या शेवटच्या पेरांवर तिची कड टेकवतात आणि गिरकीच्या वेगानेच ती हाताला धरून राहते. खेळाडू मैदानाकडे पाठ करून उभा राहतो, दीड गिरकी घेतो आणि थाळी तर्जनीवरून निसटते. पाहणाऱ्याला हे दंडाचे काम वाटते, पण जोर पायांतून आणि कमरेतून येतो. हात सगळ्यांत शेवटी. नवशिका हाताची घाई करतो आणि थाळी वर्तुळाभोवतीच्या जाळीत अडकते. ही लय अंगवळणी पडायला वर्षे जातात, म्हणून थाळीफेकपटू उशिरा पिकतो आणि बराच काळ टिकतो. अमेरिकेच्या अल ऑर्टर यांनी १९५६ ते १९६८ या काळात सलग चार ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली.

भारतीय पुरुषांपुरते बोलायचे तर विकास गौडा यांची कारकीर्द नीट पाहावी अशी आहे. जन्म १९८३, म्हैसूर. बालपण आणि शिक्षण अमेरिकेत. २००४ ते २०१६ या काळात ते सलग चार ऑलिंपिक खेळले. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्मन येथे त्यांनी ६६.२८ मी. फेक करून राष्ट्रीय विक्रम केला. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून ६४.७९ मी. फेकीसह ते आठवे आले. २०१३ मध्ये पुण्याला बालेवाडीत त्यांनी आशियाई अजिंक्यपद मिळवले, २०१५ मध्ये वुहानला ते राखले.

पण या खेळाचा स्वभाव कळायचा तर त्यांचे दोन आकडे शेजारी ठेवावेत. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ६३.६९ मी. फेकून त्यांना रौप्य मिळाले. २०१४ मध्ये ग्लासगोला ६३.६४ मी. फेकून सुवर्ण. पाच सेंटिमीटर कमी, आणि पदक वरचे! त्या दिवशी, त्या वाऱ्यात, बाकीचे किती फेकतात यावर सारे ठरते. थाळीला समोरून येणारा वारा मानवतो, पाठीमागचा नाही. हे ऐकून नवा माणूस चकित होतो. त्यामुळे थाळीफेकपटूची थोरवी एका सर्वोत्तम फेकीवरून मोजणे मला अन्यायाचे वाटते. मोठ्या मैदानावर, मोजक्या संधींत त्याने काय केले, ते पाहावे. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गौडा ५८.९९ मीटरवर थांबले. २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली.

निवृत्तीनंतरच्या वाटा निरनिराळ्या. १९६६ आणि १९७०च्या आशियाई स्पर्धांत थाळीफेकीचे सुवर्ण जिंकणारे प्रवीणकुमार सोबती पुढे दूरदर्शनच्या ‘महाभारत’ मालिकेत भीम झाले. मराठी घरांना ते भीम म्हणूनच ठाऊक आहेत. सुवर्णपदकांची आठवण क्वचित कोणी काढते, याची खंत वाटते. दिल्लीत २०१० मध्ये सुवर्ण मिळवणाऱ्या कृष्णा पूनिया राजस्थानात आमदार झाल्या. बहुतेकांच्या वाट्याला मात्र रेल्वे, पोलीस, सैन्यदलातली नोकरी किंवा शाळेतली शारीरिक शिक्षकी येते.

या शेवटच्या वाटेवर ग्वाल्हेर आहे. १८५७च्या शताब्दीनिमित्त १७ ऑगस्ट १९५७ रोजी केंद्र सरकारने येथे लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. १९९५ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मोरोपंत तांब्यांची ही लेक १८५८ मध्ये याच शहरात धारातीर्थी पडली, फुलबागेत तिची समाधी आहे. तिच्या नावाच्या संस्थेत देशभरातली मुले-मुली खेळ शिकवायला शिकतात, याचे इथल्या मराठी माणसाला अप्रूप आहे.

मे महिन्यात ग्वाल्हेरला लू सुटते. दुपारी उन्हात राहिलेल्या थाळीची कड बोटांना चटका देते, म्हणून सराव भल्या पहाटे उरकावा लागतो. नव्या मुलाच्या हाती आधी हलकी रबरी थाळी देतात आणि पाय ठरेपर्यंत जागच्या जागी उभ्यानेच फेकायला लावतात. गिरकी त्यानंतर.